माझ्या टेबलावरचा डबा

कॉम्प्युटरचा आवाज कमी करायचा असेल तर सगळं जग कीबोर्डवरचं एक बटण दाबतं. मीही दाबतो. पडद्यावरची आवाजाची पट्टी मुकाट्याने खाली येते, अगदी शून्यापर्यंत येते, आणि कानातला आवाज आहे तेवढाच राहतो. मग मला हात लांब करून टेबलावरच्या काळ्या डब्याचं गोल बटण पिळावं लागतं. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका.

या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. खरं तर ही गाणंबजावणं रेकॉर्ड करणाऱ्यांची वस्तू. पुढून माइक आणि गिटार लावायची, मागून एक वायर कॉम्प्युटरला, बाजूला हेडफोनचं भोक. बाहेरचा आवाज आत न्यायचा आणि आतला बाहेर आणायचा, एवढंच याचं काम. मला गाता येत नाही, गिटार मी आयुष्यात हातात धरलेली नाही. मी डोंबिवली पश्चिमेला आईबाबांच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो, दिवसभर घरूनच एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवतो आणि संध्याकाळी गेम खेळतो. चाळिशीला आलेला माणूस गेम खेळतो म्हटल्यावर लोक ज्या नजरेने बघतात ती मला पाठ आहे, तेव्हा त्याबद्दल कुणी काही बोलू नये.

डबा आणायला कारण होतं. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून माउस हलवला की आवाज यायचा. माउस डावीकडे, चुर्र. माउस उजवीकडे, चुर्र. आमच्या गेमच्या टीममध्ये एक कोल्हापूरचा आहे. तो म्हणाला, इंटरफेस घे, कायमची कटकट मिटेल. मी त्याचं ऐकलं. चुर्र गेली, हे मान्य करतो. बाकी सगळी कटकट त्याच दिवशी घरात राहायला आली.

पहिल्याच दिवशी हेडफोन लागेना. डब्याला जाड पिन लागते आणि माझी बारीक. जाड पिनेचं टोपण आणायला स्टेशनपर्यंत गेलेलो, तिथे दुकानदाराने मला तीन वेगवेगळी टोपणं दाखवली आणि मी बरोबर चुकीचं घेऊन आलो. मग माइक लावला, चाचणीला चार वाक्यं रेकॉर्ड केली, तर माझा आवाज फक्त डाव्या कानात. इंटरनेटवर विचारलं. उत्तर आलं की हे बरोबरच आहे, पहिल्या भोकातला माइक डावीकडेच जाणार, स्टुडिओत असंच असतं. अरे, पण मी स्टुडिओत नाही ना. माझ्या मागे दोरीवर टॉवेल वाळतायत.

मग तडतड सुरू झाली. ऑफिसचा कॉल एका मापाने आवाज मागतो, गेम दुसऱ्या मापाने, आणि दोघांच्या मध्ये या डब्याचं काय बिनसतं देव जाणे, पण कानात फोडणीतली मोहरी उडायला लागते. ते निस्तरलं की कॉम्प्युटर आपलं आपण अपडेट व्हायचा आणि सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवायचा. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाही. गेममध्ये पाठीमागून शत्रूची पावलं ऐकू यायला हवीत, तर या डब्याला डावं-उजवं तेवढं कळतं, पुढचं-मागचं कळत नाही, त्यामुळे मी रोज पाठीत गोळी खाऊन मरायचो. त्यात आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग नावापुरतं. डब्यातून सारखी घुंऽऽ अशी घरघर यायची आणि त्याच्या लोखंडी कडेला हात लावला की थांबायची. हात कीबोर्डवर लागतात, म्हणून काही दिवस मी डबा टेबलाखाली ठेवून त्याला पायाचा अंगठा लावून खेळलो. शेवटी वायर बदलली तेव्हा तो परत टेबलावर आला.

विकून टाक, असं मला चारजणांनी सांगितलं. पण इतकी डोकेफोड केल्यावर हार कशी मानायची? माझा स्वभावच तसा आहे. बाबा म्हणायचे, हा मोडकी छत्री तासभर दुरुस्त करेल आणि भिजतच जाईल.

शेवटचं दुखणं माइकचं होतं. डब्याबरोबर जो माइक घेतलेला तो फार चांगला निघाला आणि तीच पंचाईत झाली. त्याला सगळं ऐकू यायचं. खिडकीतली कबुतरं, खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या, माझ्या कीबोर्डची खटखट. त्यात समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला. ऑफिसातल्या बाईंनी मला कॉलवर विचारलं की तुम्ही रस्त्याच्या कामावर उभे आहात का. टीमने तर मला म्यूटच करून टाकलं. तुझं बोलणं कमी आणि डोंबिवलीच जास्त येते, म्हणाले.

तेव्हा मला डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज गेट सापडलं. गेट म्हणजे आपल्या सोसायटीचा वॉचमन समजा. आपण एक मर्यादा ठरवून द्यायची. आवाज त्याहून मोठा असेल तर तो आत सोडतो, लहान असेल तर फाटक बंद. मी मर्यादा थोडी वाढवली, कीबोर्ड गेला. आणखी वाढवली, कबुतरं गेली. ब्रेकरसाठी पार वर नेली. माइक तोंडाजवळ ओढला आणि नीट बोललो की माझा आवाज जायचा, बाकी शुकशुकाट. त्या संध्याकाळी टीममधले सगळे म्हणाले, काय क्लिअर येतोयस. ऑफिसातल्या बाईही म्हणाल्या. इतक्या महिन्यांत या डब्याने मला पहिल्यांदा सुख दिलं, आणि मी त्या सेटिंगला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं.

आता ताईचं सांगतो, कारण खरा विषय तिचा आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ठाण्याला कोपरीत गेली. सकाळी कोलशेतला एका बालवाडीत शिकवते, दुपारी घरी येते आणि जेवण झालं की मला फोन करते. आई गेल्यापासून हा नेम आहे. आमच्यात ती बोलते आणि मी हं म्हणतो. लहानपणापासूनची वाटणी आहे ही. आमच्या घरी सगळेच असे. समोरचा सांगत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, फक्त हं, हं म्हणत राहायचं. हं म्हणजे ऐकतोय, हं म्हणजे वाईट झालं, हं म्हणजे तुझं बरोबर आहे, आणि प्रसंगी हं म्हणजे चालेल. बाबांनी ताईच्या लग्नाला होकारसुद्धा हं म्हणूनच दिला होता.

आणि ताईला त्या हं ची गरज होती. कारण कोपरीच्या घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. भावोजी वाईट माणूस नाहीत, हात उचलत नाहीत, दारू पीत नाहीत, म्हणून कुणाला काही सांगायची सोय नाही. पण तिने काही विचारलं तर उत्तर येत नाही. पेपर वाचत राहतात. जेवायला काय करू, उत्तर नाही. डॉक्टरांकडे येता का, उत्तर नाही. भाची घरात होती तोवर निदान आवाज होता. ती शिकायला पुण्याला गेली आणि मग त्या घरात ताई आणि टीव्ही उरले. ताई मला म्हणायची, भिंतीशी बोललेलं परवडतं, भिंत निदान पेपर उलटत नाही.

दुपारी मी ड्युटीवर असतो, कानाला हेडफोन. मोबाइल उचलून कानाला लावायचा तर हेडफोन काढा, परत घाला, म्हणून मी ताईचे कॉल कॉम्प्युटरवरच घ्यायला लागलो. म्हणजे माझा आवाज त्या डब्यातून जायला लागला. यात काही विशेष आहे असं माझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

साधारण तेव्हापासून ताईचं एक नवीन सुरू झालं. दर दोन मिनिटांनी ती थांबायची आणि विचारायची, ऐकतोयस ना रे? मी म्हणायचो, हो, ऐकतोय ना, बोल. परत थोड्या वेळाने, आहेस का? आता मी इकडे सारखा हं हं करतोय आणि हिचं आपलं आहेस का, आहेस का. माणूस वैतागतो. एक-दोनदा मी चढ्या आवाजात म्हणालो, अगं ऐकतोय ना, बोल की पुढे. त्यावर ती घाईघाईत काहीतरी सांगून फोन ठेवायची. मला वाटायचं, तिचं वय झालं, कानाला कमी येत असेल.

मग गणपतींच्या आधी तिने एकदा फोन केला तो मी विसरणार नाही. त्या दिवशी ती रडत नव्हती, उलट फार शांतपणे बोलत होती. म्हणाली, मी ठरवलंय, आता त्या घरात नाही राहायचं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, फक्त आपलं आपण वेगळं राहायचं. बराच वेळ बोलली. भावोजींना ताप आलेला तेव्हा तिने तीन रात्री जागून काढल्या आणि बरं वाटल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना थँक यू म्हटलं, हे सांगितलं. मी पडद्यावरची ऑफिसची खिडकी बंद केली, तक्रारी गेल्या खड्ड्यात म्हटलं, आणि नुसता ऐकत बसलो. मी हं, हं म्हणत होतो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात मला माहीत नाही.

शेवटी ती म्हणाली, "आईबाबांची खोली तशी रिकामीच असेल ना रे?"

आमच्यात सरळ मागत नाहीत. हे मागणंच होतं आणि मला ते कळलं. मी हं म्हणालो. मनापासून म्हणालो, ये, तुझंच घर आहे, असं त्या हं मध्ये सगळं घालून म्हणालो. ती थांबली. मीही थांबलो. मग ती म्हणाली, बरं, ठेवते आता, आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी गेमला येत नाही असं टीमला कळवलं आणि आतली खोली आवरायला घेतली. आईच्या साड्यांची बॅग माळ्यावर टाकली. बाबांच्या पलंगाखाली माझे रिकामे खोके होते, सगळे भंगारवाल्याला दिले. पडदे धुतले. पंखा पुसला, त्यावर इतकी धूळ की मला दोन दिवस शिंका येत होत्या. गादीला नवी खोळ घातली. ताईला आरसा लागतो म्हणून बाथरूमजवळचा आरसा काढून आत लावला.

आणि ताई आलीच नाही. गणपती आले, गेले. तिचा फोनही येईना. मला आधी काळजी वाटली आणि मग राग यायला लागला. खोली आवरून मी बसलोय, गेम सोडून पडदे धुतोय, आणि हिचं काही कळत नाही. मेसेज टाकायचा विचार केला, पण तिचा मोबाइल त्या घरात कुठेही पडलेला असतो, भावोजींनी वाचला तर नसती भानगड. फोन करून कधी येतेस विचारायचं, तर ते घाई केल्यासारखं. तिने विचार बदलला असेल, असंही वाटलं. बदलला तर बदलला, पण सांगायला काय होतं? मी तोंड फुगवून बसलो.

टीममध्ये त्या दिवसांत वेगळीच कुरबुर चाललेली. मॅच सुरू व्हायच्या आधी कोल्हापूरचा आम्हाला बेत समजावून सांगतो, कुणी कुठून जायचं वगैरे. एका संध्याकाळी तो माझ्यावर उखडला. म्हणाला, सगळे हो-हो करतात, तू एकटा काही बोलत नाहीस, पटत नसेल तर सांग की सरळ. मी म्हणालो, अरे मघापासून हं म्हणतोय मी. तो म्हणाला, आम्हाला तर तुझं हं कधीच ऐकू आलेलं नाही. बाकीचे दोघेही म्हणाले, नाही बा, तू कधी हं म्हणत नाहीस. त्यांना वाटायचं मी जरा शिष्ट आहे.

मी मॅच सोडली. माइक चालू करून स्वतःला रेकॉर्ड केलं. एक, दोन, तीन म्हणालो, मग आमच्या घरातल्यासारखं दोन-तीनदा हं म्हणालो, मग चार, पाच. आणि लावून ऐकलं. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. नुसती शांतता, श्वाससुद्धा नाही. मग चार, पाच. परत केलं, परत तेच. हं हा आवाज लहान असतो. तोंड मिटून म्हणतो आपण तो. कबुतरांसाठी, कुकरसाठी, ब्रेकरसाठी मी जे फाटक लावलेलं त्याने माझं प्रत्येक हं बाहेरच थांबवलेलं.

ते सगळे दुपारचे कॉल मला एकामागून एक आठवले. ती सांगतेय आणि इकडून ठार शांतता. ती विचारतेय, आहेस का, आणि मग एकदम वरच्या पट्टीत, अगं ऐकतोय ना, बोल की पुढे. गेले कित्येक महिने माझ्याकडून तिला फक्त एवढंच ऐकू आलं होतं. फाटक वैतागलेल्या आवाजाला उघडत होतं. ज्या घरात कुणी उत्तर देत नाही म्हणून ती मला फोन करायची, तेच घर मी तिला डोंबिवलीतूनही ऐकवत होतो. आणि आईबाबांच्या खोलीचं तिने विचारलं तेव्हा काय ऐकलं असेल तिने? मी हेडफोन काढून टेबलावर आपटले. डबा खिडकीतून फेकावा असं वाटलं, खरं सांगतो.

मोबाइलवरून फोन लावला. तिने उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि कुणीतरी बाई मोठ्याने हसत होती. मी विचारलं, कुठे आहेस? म्हणाली, कोलशेतला, खोली घेतलीय, सांगणारच होते तुला. मी म्हणालो, उद्या येतो. पत्ता पाठवला तिने.

खाडीच्या बाजूला कोळ्यांची जुनी घरं आहेत, त्यातल्या एका घराच्या माडीवर एक खोली आणि मोरी. घर तिच्या बालवाडीतल्या मदतनीस बाईंचं. जिन्याखाली जाळी गुंडाळून ठेवलेली, सुकटीचा वास. वर ताईने एक दोरी बांधून कपडे वाळत घातले होते आणि गॅसवर चहा ठेवला होता. बरी दिसत होती. मी बसायच्या आधीच सुरुवात केली. डबा, माइक, गेट, मर्यादा, ब्रेकर, सगळं सांगितलं. हाताने दाखवलं, इथे लाइन असते, आवाज तिच्याखाली गेला की कापला जातो. मी इतका तावातावाने बोलत होतो की खालच्या बाई जिन्यात येऊन बघून गेल्या. सांगितलं की मी त्या दिवशी हं म्हणालो होतो, पडदे धुतले, आरसा लावला, खोली तयार आहे.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पायरीवर बसली होती, तेव्हा या बाईंनी काय झालं विचारलं. तिने अर्धंच सांगितलं होतं, तर बाई शाळेच्या अंगणातून ओरडून म्हणाल्या, ये गो बाय, खोली रिकामीच हाय. दुसऱ्या दिवशी ताई दोन बॅगा घेऊन आली.

मी परत डब्यावर घसरलो. म्हणालो, ताई, मशीनने खाल्लं गं, माझी काय चूक?

"मशीनने हं खाल्लं, मान्य," ती म्हणाली. "पण 'ये' म्हणायचं होतंस ना एकदा. ते तर ओरडूनही म्हणता येतं."

मी म्हणालो, मग आता म्हणतो. चल घरी, आत्ता चल. बॅगा मी घेतो.

तिने गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, त्या दिवशी म्हणाला असतास तर धावत आले असते रे, पण आता नाही, आता मी इथे दूध उतू घातलं. नव्या घरात दूध उतू घालायला माहेरचं कुणीतरी हवं असतं. मी विचारलं, कुणी होतं का बरोबर? तिने नाही म्हणून मान हलवली. मला फोन लावायला घेतला होता म्हणाली, पण परत तीच शांतता ऐकावी लागेल म्हणून ठेवून दिला.